दोन हजार वर्षं झोपलेली बी

खजूर खाल्ला की त्याची बी तुम्ही कुठे टाकता? कचऱ्यात? थांबा, आधी एका बीची गोष्ट ऐका!

इस्राएलमध्ये मृत समुद्राजवळ मसादा नावाचा डोंगरी किल्ला आहे. चारी बाजूंनी उभे कडे, वर सपाट माथा. इ. स. ६६ मध्ये ज्यू लोकांनी बलाढ्य रोमन साम्राज्याविरुद्ध बंड केलं. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर जाळलं आणि विजयाची नाणी पाडली. त्यांवर होतं खजुराचं झाड आणि त्याखाली शोक करत बसलेली बाई! खजूर ही ज्यूंच्या त्या यहूदिया प्रांताची ओळखच होती ना. मसादावरचे बंडखोर मात्र ७३च्या सुमारापर्यंत झुंजले. पुढे काही शतकांनी तिथली खजुराची जुनी जातही नाहीशी झाली.

१९६३ ते १९६५ मध्ये मसादावर उत्खनन झालं. तिथे खजुराच्या बिया सापडल्या. चाळीस वर्षं त्या नुसत्या जपून ठेवल्या होत्या. मग सारा सॅलन या डॉक्टरांनी त्यांतल्या काही मागून घेतल्या. जानेवारी २००५ मध्ये त्यांच्या सहकारी एलेन सोलोवे यांनी तीन बिया कोमट पाण्यात भिजवल्या, वाढीचं संप्रेरक दिलं आणि कुंडीत पेरल्या. काही आठवड्यांनी माती तडकली. एक कोंब वर आला होता!

पण बी खरंच इतकी जुनी होती? कुंडी बदलताना मुळांना बीच्या कवचाचे तुकडे चिकटलेले दिसले. कार्बन तपासणीत त्यांचं वय निघालं सुमारे दोन हजार वर्षं!

बीच्या पोटात इवलंसं रोप झोपलेलं असतं. पाणी मिळालं तर ते जागं होतं. पण बी कुजवणाऱ्या जंतूंनाही पाणीच लागतं. मसादाची हवा कडक कोरडी, म्हणून बी जागीही झाली नाही आणि कुजलीही नाही.

झाडाचं नाव ठेवलं मथुशलह. बायबलमधला हा माणूस ९६९ वर्षं जगला म्हणे! हे झाड निघालं नर. मग दुसऱ्या एका प्राचीन बीपासून हन्ना हे मादी झाड वाढवलं. मथुशलहचे परागकण हन्नाच्या फुलांना दिले आणि २०२० मध्ये तिला १११ खजूर लागले.

मथुशलहची बी पेरली, तो दिवस होता ज्यूंचा 'तू बिश्वात', म्हणजे झाडांचं नवं वर्ष. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएली ज्यूही तो पाळतात. पोहे, खोबरं आणि साखर कालवून मलिदा करतात.

आता तुमच्या हातातली बी धुवा, ओल्या फडक्यात गुंडाळा, उबेला ठेवा आणि रोज बघा. कोंब फुटायला काही आठवडे लागतील. मसादाची बी तर दोन हजार वर्षं थांबली होती!