चप्पल कोल्हापूरची, हिशोब कुणाचा?

आमच्या शिवाजी पेठेतून बाजारपेठेकडे निघाले की चप्पल लाईन लागते. परगावचा पाहुणा अंबाबाईच्या देवळाला जाऊन आला की त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. दुकानात टांगलेली पायताणे तो वाकवून बघतो, करकर वाजते का ते ऐकतो, भाव पाडतो आणि जोड घेऊन जातो. ते कुणाच्या हातचे, हे मात्र तो विचारीत नाही.

बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात चामडे कमावावे लागते. तळ कापणे, ठोकणे, शिवणे बहुधा पुरुष करतात. पट्ट्यावरची बारीक वेणी, गोंडे हे काम बहुतेक घरांत बायाच करतात. चपलेची शोभा असते ती या वेणीत. पण व्यापारी पैसे मोजतो ते घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातावर. वेणी घालणारीच्या नावावर काहीच जमा होत नाही.

2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखविल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. बोभाटा झाल्यावर त्यांनी आपली प्रेरणा कबूल केली आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. चांगले झाले. पण परक्या कंपनीने आपले नाव घ्यावे म्हणून ओरडणारे आपण, आपल्याच गल्लीतल्या कारागीर भगिनीचे नाव घेतो काय?

विहारात हा विषय निघाला तेव्हा एका तरुणाने रोखठोक विचारले, "बाबासाहेबांनी जातीचे धंदे सोडायला सांगितले. मग तुम्ही हा धंदा जगवा असे का म्हणता?" प्रश्न खरा आहे, त्याला बगल देता येणार नाही. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा, असे बजावले. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी 1936 साली दाखवून दिले. त्याआधी 1918 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी महार वतने रद्द केली, तीही वतनाबरोबर आलेली सक्तीची चाकरी संपावी म्हणून. या सर्वांचा रोख जन्माने गळ्यात बांधलेल्या कामावर होता, हातातल्या कलेवर नव्हता. चर्मकाराच्या मुलाला डॉक्टर होण्याची मोकळीक हवी आणि ज्याला आवड आहे अशा कुणाच्याही मुलाला वेणी शिकण्याची मोकळीक हवी. असे झाले तरच ही कला जातीतून सुटेल. सम्यक आजीविका म्हणजे दुसरे काय?

आम्ही पेशाने कारकून, त्यामुळे भावनेपाठोपाठ हिशोबाची वही उघडतो. समजा, एक जोड व्यापाऱ्याला 700 रुपयांना दिला. चामडे 350, दोरा-तेल-रंग 50. उरले 300. नवऱ्याचे दहा तास आणि बायकोचे पाच तास धरले तर तासाला पडले 20 रुपये! आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. पण बाईचे पाच तास वहीत मांडलेच नाहीत, तर नवऱ्याची मजुरी तासाला 30 दिसते आणि धंदा बरा चालला आहे असे वाटते. न मांडलेले श्रम हाच या धंद्यातला खरा तोटा आहे.

म्हणून कारागीर बंधुभगिनींना आमची विनंती आहे. पहिली गोष्ट, वेणीची मजुरी वेगळी लावा आणि ती बाईच्या बँक खात्यावर जमा करा. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पाच टक्के व्याजाने पहिले कर्ज एक लाखापर्यंत मिळते, परंतु कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंद होते. ते एक नाव घरातल्या बाईचे का असू नये? अथणीला महिला कारागिरांचे बचत गट बांधून 'टो-होल्ड' हा उपक्रम उभा राहिला आणि त्यांच्या चपला परदेशी गेल्या, हे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे.

दुसरी गोष्ट, कामाची खोली तळमजल्यावर, भरपूर उजेडाची असावी. पाय अधू असलेल्या माणसाला वेणी घालायला हात पुरेसे आहेत, पण माडीवरचा जिना त्याला अडवतो. तिसरी गोष्ट, पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला गिऱ्हाईक कमी असते. दिवाळी आणि लग्नसराईच्या कमाईतून त्या चार महिन्यांची तरतूद गटाने आधीच बाजूला काढावी, म्हणजे सावकाराचे दार टळेल.

आता गिऱ्हाइकाचे कर्तव्य. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी हॉटेल काढायला लावले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले, बरोबरच्यांनाही देऊ लागले. त्यांनी मदत केलीच, पण गिऱ्हाईक होऊन धंद्याला प्रतिष्ठाही दिली.

आपणही पुढचा जोड घेताना भाव पाडण्याआधी एक प्रश्न विचारूया : "ही वेणी कुणी घातली?" दुकानदाराला उत्तर शोधावे लागेल, आणि बदलाची सुरुवात तिथूनच होईल. जयभीम!