बालकाचा कबुलीजबाब आणि पालकांचे कर्तव्य

मुलाला पोलीस ठाण्यात नेल्याचे कळताच आई-वडील धावत जातात आणि त्याला सांगतात, "साहेबांना खरे काय ते सांगून टाक." पंचशील मानणाऱ्या घरात हा उपदेश स्वाभाविक आहे. परंतु भेदरलेले मूल घरी जाता यावे म्हणून न केलेले कृत्यही कबूल करते. अशी कबुली हे असत्यच होय.

न्यूयॉर्क येथील सेंट्रल पार्कमध्ये १९८९ साली एका तरुणीवर अत्याचार झाला. १४ ते १६ वर्षे वयाच्या पाच कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांची तासन्तास चौकशी झाली. चौघांनी चित्रफितीवर कबुली दिली. त्यांपैकी काहींचे पालक शेजारी बसलेले होते. २००२ साली खऱ्या गुन्हेगाराने गुन्हा कबूल केला, डीएनए जुळला आणि मुलांच्या शिक्षा रद्द झाल्या. तोवर त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती. पालकाची केवळ उपस्थिती पुरेशी नसते, त्याला हक्कांचे ज्ञानही असावे लागते.

आपल्याकडे ते हक्क सुस्पष्ट आहेत. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. मात्र कोठडीतील माहितीमुळे एखादी वस्तू सापडल्यास तेवढ्यापुरता अपवाद आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार १८ वर्षांखालील बालकाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यावर पालकांना कळवावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार बालकाला बेडी घालू नये, कबुलीची सक्ती करू नये, कोणत्याही जबाबावर सही मागू नये. चौकशीवेळी पालक हजर राहू शकतात.

म्हणून प्रसंग आल्यास पालकांनी मुलावर ओरडू नये. त्याच्या वयाचा दाखला सोबत न्यावा, चौकशीवेळी जवळ बसण्याची मागणी करावी, कोणत्याही कागदावर त्याची सही होऊ देऊ नये आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागावा. घाबरलेल्या मुलाला त्या क्षणी आई-वडिलांच्या धाकाची नव्हे, आधाराची गरज असते. सत्य त्याने अवश्य सांगावे; पण निर्भयपणे आणि वकिलाच्या सल्ल्याने.