एव्हरेस्ट बेस कॅम्प : सॅक भरण्याआधी कॅलेंडर

(पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे काही प्रश्न शेवटी घेतले आहेत.)

आयोजकांनी मला विषय दिलाय, परदेशातल्या उंचावरच्या ट्रेकला जाताना सामान काय घ्यायचं आणि तयारी कशी करायची. परदेश म्हणजे आपल्यापुरता नेपाळ, आणि नेपाळ म्हणजे बहुतेकांच्या मनात एव्हरेस्ट बेस कॅम्प. म्हणून तोच ट्रेक धरून बोलतो. यादी सांगणारच आहे, वही काढून बसलात ते बरं केलंत. पण आधी मला सांगा, इथे प्रबळगड किती जणांनी केलाय? ... जवळजवळ सगळ्यांनी. कलावंतीण? ... बरं.

मग खरं सांगतो, मला तुमचीच जास्त काळजी वाटते. जो कधी डोंगर चढला नाही तो घाबरत जातो, हळू चालतो. आपण सह्याद्रीतले लोक, पावसाळ्यात रविवार घरी काढत नाही, आपल्याला वाटतं की चढ तो चढच.

आकडे बघा. पनवेल समुद्राला लागून. कर्नाळा किल्ला साडेचारशे मीटरच्या आत-बाहेर. माथेरान आठशे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक कळसूबाई, १६४६ मीटर. आता नामचे बाजार, जिथे बेस कॅम्पच्या वाटेवर आपण दुसऱ्या दिवशी पोचतो, ते ३४४० मीटरवर आहे. दोन कळसूबाई एकीवर एक ठेवल्या तरी नामचे वरच राहतं. आणि बेस कॅम्प ५३६४.

धोदाणीहून सनसेट पॉइंटला चढून माथेरान गाठलेले लोक इथे असतील. सहा-सातशे मीटरचा चढ आहे तो. नामचेच्या आधी नदीवरचा पूल ओलांडला की जो शेवटचा मोठा चढ लागतो, तोही साधारण तेवढाच. पायांना काम तेवढंच. फरक हवेत आहे. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण पनवेललाही २१ टक्के आणि बेस कॅम्पलाही २१ टक्केच. पण हवेचा दाब तिथे निम्म्यावर आलेला असतो, म्हणजे एका श्वासात इथे जेवढा ऑक्सिजन आत जातो त्याच्या निम्माच तिथे जातो.

शरीर याच्याशी जुळवून घेतं. आधी श्वास वाढतो, नाडी वाढते, लघवीला जास्त होतं, आणि काही आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. या सगळ्याला दिवस लागतात आणि ते दिवस व्यायामाने कमी होत नाहीत. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याला विरळ हवेचा त्रास होतो आणि त्याच्या मावशीला होत नाही, असं मी पाहिलंय. कुणाला होणार हे आधी कळत नाही.

१८ मे १९९८ रोजी सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, महाराष्ट्रातले पहिले. २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची मोहीम उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गेली. अशा मोहिमांना दीड-दोन महिने लागतात, ते काही रोज चढाई चालू असते म्हणून नाही. वरच्या कॅम्पवर जायचं, खाली यायचं, परत जायचं, असं करत शरीराला वेळ द्यायचा असतो. शिखर चढणारा माणूस एवढा वेळ काढतो आणि आपण बारा दिवसांच्या रजेत बेस कॅम्प बसवायला बघतो.

म्हणून सॅक भरण्याआधी कॅलेंडर काढा. नियम सोपा आहे. ३००० मीटरच्या वर गेलात की झोपण्याची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढायची. दिवसा वर फिरून या, झोपायला खाली. या हिशेबाने काठमांडूहून विमानाने लुक्ला, पहिली रात्र फाकडिंग, मग नामचेला दोन रात्री, तेंगबोचे, दिंगबोचेला दोन रात्री, लोबुचे, गोरखशेप. जायला आठ दिवस, यायला तीन-चार. त्यावर काठमांडूचे दोन-तीन. आणि त्यावर दोन दिवस मोकळे, कारण लुक्लाचं विमान ढग आले की उडत नाही, कधी लागोपाठ दोन-तीन दिवस उडत नाही. सोळा-सतरा दिवस झाले. साहेब एवढी रजा देत नसेल तर लहान ट्रेक निवडा, नेपाळमध्ये पुष्कळ आहेत. दिवस कापू नका.

मी कापला होता. आमचा सातजणांचा गट होता, बेत माझा, तिकिटं मी काढलेली. मुंबईचं परतीचं तिकीट अगदी घट्ट होतं. लुक्लाला जाताना दोन दिवस काठमांडूतच अडकलो, तेव्हा मी ठरवलं की दिंगबोचेची दुसरी रात्र काढून टाकू. कुणी हरकत घेतली नाही. आमच्यातला सगळ्यात तगडा मुलगा, डोंगरात नेहमी पुढे असणारा, त्याचं डोकं दिंगबोचेपासूनच दुखत होतं. तो बोलला नाही. का बोलला नाही, हे त्याने नंतर सांगितलं, 'माझ्यामुळे सगळ्यांचं तिकीट चुकलं असतं.' लोबुचेला रात्री जेवला नाही. पहाटे बाहेर गेला तो भिंतीला धरून परत आला. आमच्या गाइडने त्याला फरशीच्या एका रेषेवर पाऊल जोडून चालायला सांगितलं. त्याला चार पावलं टाकता येईनात. प्यायलेल्या माणसासारखा झोल जात होता.

याचा अर्थ मेंदूला सूज येत होती. तिथून पुढे तास मोजायचे असतात. दोन पोर्टरांनी त्याला आधार देऊन, शेवटी पाठीवर घेऊन, फेरिचेपर्यंत खाली आणलं. ४९०० मीटरवरून ४३०० वर. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, १९७३ पासून, हंगामात डॉक्टर असतात. ऑक्सिजन, इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर. वाचला. आजही भेटतो, माझ्यावर रागावलेला नाही. पण त्या दिवशी मी त्याच्या आईला फोन केला होता, तो फोन मला विसरता येत नाही.

तेव्हा लक्षणं लिहून घ्या. डोकं दुखणं आणि त्याबरोबर मळमळ, भूक नसणं, गरगरणं, गळाठा, हा पहिला इशारा. अशा वेळी आहे तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. डोकेदुखीची गोळी घेऊन बरं वाटलं तरी त्या दिवशी वर निघायचं नाही. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, किंवा बसल्या जागी धाप लागणं, छातीत घरघर, खोकल्यातून फेस, यातलं काही दिसलं तर रात्र असो की बर्फ, खाली उतरायचं. आणि रोज संध्याकाळी एकमेकांना विचारायचं, 'डोकं कसंय?' खोटं सांगणाऱ्याला गटात घ्यायचंच नाही, असं मी आता निघण्याआधीच बजावतो.

आता सामान. लुक्लाच्या लहान विमानात माणशी साधारण १५ किलो, त्यात हातातलं धरून. हे बंधन म्हणून वाईट वाटतं, पण फार उपयोगी आहे. घरी वजनकाटा घ्या आणि तीनदा भरा, तीनदा काढा.

कपड्यांत पहिली गोष्ट, सुती काही नाही. बनियनसुद्धा नाही. आपण जुलैत भिजलेल्या टी-शर्टवर दिवसभर भटकतो, कारण इथे हवाच गरम. तिथे चढताना घाम येतो, चार वाजता सूर्य डोंगराआड जातो, आणि कापसाने धरून ठेवलेलं ते पाणी तुमच्या अंगातली उष्णता ओढून घेतं. अंगाला लागून पटकन वाळणारा कपडा किंवा लोकरीचा, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं डाऊन जॅकेट, आणि सगळ्यांवर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा हे चार थर बरे. चालताना उतरवायचे, थांबलं की लगेच चढवायचे. कानटोपी आईने विणलेली चालेल, उत्तम चालेल. हातमोजे दोन जोड, एक पातळ, एक जाड.

बूट. यावर मी तास घेऊ शकतो. नवे बूट घालून कुणीही निघू नका. किमान दोन महिने आधी घ्या, संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि जाड मोजे घालून घ्या. उतारावर अंगठा पुढे टेकता कामा नये. मग तेच बूट घालून प्रबळमाचीला चार-पाच फेऱ्या मारा, पाठीवर सात-आठ किलो घेऊन. पाण्याच्या बाटल्या भरून न्या, वजनाला तेच सोयीचं, आणि वर ओतून दिल्या की उतरताना गुडघे वाचतात. विमानात बूट पायातच ठेवा, सामानात टाकू नका. बॅग हरवली तर जॅकेट काठमांडूत मिळेल, तुमच्या पायाला बसलेले बूट मिळणार नाहीत. आणि निघण्याआधी पायाची नखं कापा. हसू नका, काळी पडून गळालेली नखं मी बघितलीत.

विकत काय आणि भाड्याने काय? अंगाला लागणारं सगळं विकत. बूट, मोजे, आतले कपडे. डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूत ठमेलला भाड्याने मिळते. एका ट्रेकसाठी हजारो रुपये घालू नका. फक्त चेन चालते का आणि पिसं एका कोपऱ्यात गोळा झालीत का, ते दुकानातच बघा.

लहान वस्तूंत गॉगल सगळ्यात महत्त्वाचा. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे भाजतात, रस्त्यावरचा शंभराचा गॉगल तिथे उलट घातक, कारण काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण अडत नाहीत. हेडटॉर्च, सनस्क्रीन, ओठांचं मलम, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, चालायच्या काठ्या. काठ्या उतरताना लागतात, चढताना मिरवायला नाही. पाण्याची साधी रुंद तोंडाची बाटली घ्या. ती नळीवाली पिशवी असते तिची नळी थंडीत गोठते. रात्री बाटली, मोबाइल, पॉवर बँक, सगळं स्लीपिंग बॅगमध्ये जवळ घेऊन झोपा. थंडीत बॅटरी भराभर उतरते. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच.

खाण्याचं म्हणाल तर आपण डबे भरतो. डिंकाचे लाडू चार घ्या, चाळीस नको. थंडीत तूप थिजून त्यांचा दगड होतो, खिशात ठेवून मऊ करावे लागतात. वाटेत टी-हाऊसमध्ये डाळ-भात मिळतो आणि परत वाढतात. पण वर भूक मरते, भात गिळवत नाही. तेव्हा माझ्याकडे मेतकुटाची एक लहान पुडी आणि लिंबाचं लोणचं असतं. गरम भातावर मेतकूट घातलं की चार घास जास्त जातात. वजन काही नाही.

आणि तुमची डफल बॅग कोण उचलतो? बहुधा दोघांत एक पोर्टर असतो. त्याच्या पाठीवर एकूण ३० किलोपेक्षा जास्त असू नये, त्याचं स्वतःचं सामान धरून. म्हणजे तुमची बॅग दहा-बारा किलोच्या वर जाता कामा नये. एजन्सीला भाव विचारताना हेही विचारा की पोर्टरला विमा आहे का, राहायला जागा कुठे. निघताना त्याच्या पायात काय आहे ते बघा. आमच्या मुलाला ज्यांनी पाठीवर घेऊन खाली आणलं, त्यातल्या एकाच्या पायात कॅनव्हासचे बूट होते.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : माझं वय ५८ आहे, बीपीची गोळी चालू आहे. जाऊ का?

वय आडवं येत नाही, ताई. पण डॉक्टरांना 'नेपाळला फिरायला जातेय' असं सांगू नका, '५३०० मीटरवर जातेय' असं आकड्यात सांगा. तुमच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, अर्ध्या हातातल्या सॅकमध्ये, अर्ध्या डफलमध्ये.

प्रश्न : डायमॉक्स सगळेच घेतात, आधीपासून घ्यावी का?

ती गोळी श्वास वाढवून शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना धोका असू शकतो, लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि घ्यायची ठरली तर इथे घरी एक-दोन दिवस घेऊन बघा. ती घेतली म्हणून दिवस कापता येतील असं मात्र नाही. झोपेची गोळी आणि दारू, दोन्ही वर नको.

प्रश्न : विमा लागतोच का?

लागतो. पण पॉलिसीतली उंचीची मर्यादा वाचा. बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत एका उंचीच्या वरचं ट्रेकिंग धरलेलंच नसतं. ६००० मीटरपर्यंत आणि हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही शब्द लिखित दिसले पाहिजेत.

प्रश्न : पनवेलहून रेल्वेने जाता येईल का? आणि आधार कार्ड चालेल?

गोरखपूरला पनवेलहून थेट गाडी आहे. तिथून सुनौलीची सीमा, मग काठमांडूची बस. वेळ जातो, पैसे वाचतात. विमानाने जात असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, मूळ प्रत. व्हिसा लागत नाही. आधारवर विसंबून विमानतळावर जाऊ नका. आणि परतीचं तिकीट काढताना, दोन पैसे जास्त पडले तरी, तारीख बदलता येईल असंच काढा.