गाडी गेली, इंजिन राहिलं

मध्य प्रदेशात राजगढजवळच्या मोहनखेडा तीर्थाकडे निघालं, की वाटेवरच्या बाजारगावांत टपापर्यंत भरलेली ‘तूफान’ हमखास भेटते. ही फोर्स मोटर्सची ट्रॅक्स. ती बनते याच धार जिल्ह्यात, पीथमपूरला.

पवारांच्या धारशी मराठी माणसाचं नातं जुनंच. पीथमपूरच्या कारखान्याने ते फोर्सच्या घराशी, पुण्याच्या आकुर्डीशी, नव्याने जोडलं. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो, म्हणजे पुढची फोर्स, सुरू केली. पुढे ती जर्मन कंपनी हानोमागमार्गे डाइमलर-बेंझकडे गेली आणि फिरोदियांच्या कंपनीला मर्सिडीजचं दार उघडलं. १९८०च्या दशकात ‘ओएम ६१६’ हे चार सिलिंडरचं, २.४ लिटरचं डिझेल इंजिन भारतात बनू लागलं. मर्सिडीजच्या २४० डी मोटारीतलं हे इंजिन. वेग बेताचा, पण दणकट. मॅटाडोरमध्ये ते बसलं, १९८७च्या ट्रॅव्हलरमध्ये बसलं, मग ट्रॅक्समध्ये. खडीच्या चढावर दुप्पट माणसं ओढणाऱ्या गाडीला याहून योग्य इंजिन मिळालं नसतं.

२००५ साली कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. ऑगस्ट २०११मध्ये तिने शहरी कुटुंबासाठी पहिली एसयूव्ही आणली: फोर्स वन. इंजिन पुन्हा मर्सिडीजच्याच घराण्यातलं, पण नव्या पिढीतलं. ‘ओएम ६११’वर आधारलेलं हे २.२ लिटरचं कॉमन रेल डिझेल १४१ पीएस ताकद आणि ३२१ न्यूटन-मीटर टॉर्क देई. कॉमन रेलमध्ये इंधन आधीच प्रचंड दाबाखाली एका सामाईक नळीत साठवलेलं असतं आणि नेमक्या क्षणी सिलिंडरमध्ये फवारलं जातं. म्हणून ताकद वाढते, धूर आणि खडखडाट कमी होतो. गाडी घडवताना लोटस इंजिनिअरिंगची मदत घेतली होती. जाहिरातीत अमिताभ बच्चन होते. किंमत १० लाख ६५ हजारांपासून.

इंजिनात खोट नव्हती. पण सप्टेंबर संपता संपता महिंद्राची चाकणला बनलेली एक्सयूव्ही ५०० जवळपास त्याच किमतीत बाजारात आली, तीही कितीतरी आधुनिक रूपात. खेड्यापाड्यांत नाव कमावलेल्या कंपनीकडे शहरातला मोटारींचा ग्राहक वळवणारं विक्रीचं जाळंही नव्हतं. २०१६च्या सुमारास फोर्स वन बंद पडली.

इंजिन मात्र कामाचं ठरलं. २०१८ साली तेच २.२ लिटर कंपनीच्याच गुरखा एक्स्ट्रीममध्ये आलं. पुढे-मागे डिफरन्शियल लॉक असलेल्या, चिखलात न अडणाऱ्या या गाडीला अखेर शोभेल अशी ताकद मिळाली. २०२१च्या नव्या गुरख्यात कंपनी २.६ लिटरच्या डिझेलकडे वळली, तेव्हा आकडा ९१ पीएसवर उतरला आणि चाहते हळहळले. मे २०२४मध्ये पाच दारांच्या गुरख्यासोबत त्याच २.६ लिटरमधून १४० पीएस निघू लागले. फोर्स वनच्या तोडीची ताकद तीन वर्षांनी गुरख्यात परतली होती.