जुनी गिटार घ्यावी का?

दहावी-बारावीची परीक्षा संपली की आपल्या घरांतही हल्ली एक नवी मागणी ऐकू येते. "अब्बू, गिटार शिकू का?" दुकानातला भाव ऐकून घर गप्प होते. मग मोबाइलवर जुन्या गिटारची जाहिरात दिसते. विकणारा दौंडचा, घेणारे शिरूरचे, भाव अडीच हजार, पिशवी फुकट. मुलीचे डोळे चमकतात, अम्मी दादीच्या औषधांचा हिशेब करते आणि अब्बू म्हणतात, "बघू." या "बघू"चे रूपांतर शहाण्या निर्णयात कसे करायचे, त्यासाठी हा लेख.

पहिली बैठक घरातच

गिटार पाहायला जाण्याआधी घरात मोकळेपणाने बोलून घ्यावे. वाद्यांबद्दल आपल्याकडे एकमत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. चारही मजहबांतील बहुसंख्य फकीहांनी तंतुवाद्ये नापसंत केली आहेत. दफला मात्र लग्न आणि ईदच्या प्रसंगी मोकळीक दिली आहे. दुसरीकडे अकराव्या शतकात कुर्तुब्याचे इब्न हज्म यांनी मनाईच्या रिवायती कमकुवत ठरवल्या. आपल्या काळात युसूफ अल-करजावी यांनी शब्द सभ्य असावेत, फर्ज चुकू नये, अशा अटींवर परवानगीचे मत दिले.

घराने कोणते मत धरायचे ते घराने ठरवावे. पण ते पैसे देण्याआधी ठरावे. गिटार घरात आली आणि मग मामूंनी किंवा दादाजींनी टोकले, की वाद्य कपाटावर जाते आणि मूल मनातून दुखावते. जे ठरेल ते मुलीला आणि मुलाला सारखेच लागू असावे, हेही तेव्हाच बोलून घ्यावे.

इतिहासाचीही आठवण असू द्यावी. 'गिटार' या नावाचा माग स्पॅनिशमधून अरबी 'कीतारा'पर्यंत आणि तिथून ग्रीक भाषेपर्यंत लागतो. आपल्या महाराष्ट्रात मिरजेचे सतार-तंबोरे देशभर गेले. तिथे हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे काम सुरू केले आणि पुढच्या पिढ्यांचे आडनावच सतारमेकर झाले. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. लाकूड आणि तार यांची पारख आपल्या लोकांना नवी नाही.

दौंडला का मिळते?

दौंड हे रेल्वेचे जुने जंक्शन. मनमाडकडे जाणारा फाटा 1878 मध्ये सुरू झाला. रेल्वे आणि राज्य राखीव पोलीस दल यांमुळे इथे बदलीच्या नोकरीची कुटुंबे बरीच. बदली आली की सामान हलके करतात आणि चांगली वस्तूही स्वस्तात निघते. शिरूरच्या बाजूला रांजणगावच्या कारखान्यांत आलेली तरुण मुले नोकरी बदलताना असेच करतात. म्हणून स्वस्त आहे म्हणजे खराबच असेल, असे समजू नये. तपासून मात्र घ्यावी.

हातात घेऊन काय पाहावे?

पहिली गोष्ट तारांची उंची. दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या म्हणजे पडदे. बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत अंतर किती ते बघा. आताचे एक रुपयाचे छोटे नाणे सुमारे दीड मिलिमीटर जाड असते. अशी दोन नाणी एकावर एक ठेवून मधे सरकवली आणि वर आणखी जागा उरली, तर तार फार उंच आहे. अशा गिटारवर बोटे सोलतात. शिकणाऱ्याला वाटते आपल्याला जमत नाही. खरा दोष वाद्याचा असतो. स्वस्त गिटारने सगळ्यात मोठे नुकसान होते ते हे.

दुसरी गोष्ट दांडी. लोखंडी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून साधारण सत्तर किलोचा ताण असतो. वर्षानुवर्षे तो सोसून दांडी वाकते. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी पेटीला मिळते तिथल्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. मधल्या भागात कागद जाईल एवढीच फट हवी. जास्त फट असेल तर दांडी वाकली आहे. आत लोखंडी सळई असेल तर जाणकार ती फिरवून दुरुस्त करतो. सळई नसेल तर सौदा सोडा.

तिसरी गोष्ट घोडी, म्हणजे पेटीवर तारा अडकवलेली लाकडी पट्टी. तिच्या मागच्या कडेखाली कागद सरकला तर डिंक सुटत आहे. पेटीला भेगा आहेत का, मागून टिचकी मारल्यावर आत काही खडखडते का, तेही पाहा.

चौथी गोष्ट सूर. मोबाइलवर सूर लावण्याचे फुकट ॲप मिळते. मोकळी तार लावा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. तोच स्वर वरच्या सप्तकात यायला हवा. मग दहा मिनिटे वाजवून पुन्हा तपासा. चाव्या सैल असतील तर सूर उतरलेला असेल.

नायलॉनच्या तारांची गिटार लहान बोटांना मऊ पडते. पण तिच्यावर लोखंडी तारा कधीही चढवू नयेत. तो ताण तिला झेपत नाही आणि घोडी उखडते. आधीच्या मालकाने तसे केले होते का, ते विचारून घ्या.

आपल्या उन्हाचा हिशेब

शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी आणि पारा चाळिशीच्या आसपास. लाकूड आटते, पावसाळ्यात पुन्हा फुगते. अखंड लाकडाची महाग पेटी अशा हवेत लवकर तडकते. थर चिकटवलेली साधी पेटी जास्त तग धरते. शिकण्यासाठी म्हणूनच ती बरी. गिटार पत्र्याच्या छताखाली, भिंतीवर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. पिशवीत घालून आतल्या खोलीत ठेवावी.

खरा भाव किती?

समजा मागणी अडीच हजारांची आहे. नव्या तारा चारशे, दुरुस्ती आठशे, जाण्या-येण्याचा खर्च तीनशे. झाले चार हजार. तशीच नवी साडेचार हजारांना मिळत असेल तर जुनीत फायदा उरत नाही. सगळा खर्च धरून नव्याच्या निम्म्या-पाऊण किमतीत बसत असेल तरच हो म्हणावे. हप्त्यावर आणि व्याजावर शौक नकोच.

सौद्यात आपल्या फिक्हची दोन तत्त्वे इथे फार उपयोगी आहेत. विकणाऱ्याने वस्तूचा ऐब सांगितला पाहिजे. लपवलेला ऐब निघाला तर घेणाऱ्याला वस्तू परत करण्याचा हक्क आहे. आणि दोघांच्या संमतीने तीन दिवसांपर्यंत सौदा मोडण्याची मुभा ठेवता येते. ही अट आधीच बोलून, मोबाइलवर लिहून घ्यावी. त्या तीन दिवसांत एखाद्या जाणकाराला गिटार दाखवावी.

पाहण्याआधी बयाणा पाठवू नये. "पैसे मिळवण्यासाठी हा कोड स्कॅन करा" असे कोणी म्हटले तर फोन ठेवावा. कोड स्कॅन करून पिन टाकल्यावर पैसे जातात, येत नाहीत. दिवसा, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन जावे.

शेवटचा प्रश्न मुलीला किंवा मुलाला विचारायचा आहे. शिकवणार कोण, आणि नमाज-अभ्यास सांभाळून रोजची वीस मिनिटे कोणती? या दोन्हीचे उत्तर नसेल तर महिनाभर कोणाची तरी गिटार मागून घ्या आणि रियाज टिकतो का पाहा. टिकला, घराची संमती असली, दांडी सरळ निघाली, तर दौंडची ती जुनी गिटार बिनदिक्कत घरी आणा. यातले एखादे नसेल तर प्रेमाने "आत्ता नको" म्हणा आणि का नको तेही सांगा. कारण कळले की मूल नकारही समजून घेते.