जिमखान्याचे सर

मुळशी तालुक्यात कॉलेजचं वर्ष सुरू होतं आणि त्याच सुमारास भाताच्या खाचरांत आवणी लागते. घरोघरी माणूसबळ कमी पडतं. अशा दिवसांत फुटबॉलचा संघ उभा करायचा म्हणजे आधी पोराच्या घरी जाऊन वडिलांशी बोलायचं. अकरा जमले तर उत्तम. सातापेक्षा कमी असतील तर नियमानुसार सामना सुरूच होत नाही.

हे बोलणं ज्याच्या वाट्याला येतं, त्याला कागदोपत्री ‘शारीरिक शिक्षण संचालक’ म्हणतात. पोरांसाठी ते जिमखान्याचे सर. मोठ्या विद्यापीठात संचालक वेगळा, प्रत्येक खेळाचा प्रशिक्षक वेगळा. तालुक्याच्या कॉलेजात दोन्ही एकच. सकाळी मैदानावर फक्की मारायची, दुपारी पात्रतेचे फॉर्म भरायचे, कोणाची दहावीची गुणपत्रिका राहिली ते बघायचं आणि संध्याकाळी पुन्हा शिट्टी घेऊन उभं राहायचं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत या पदासाठी शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी ५५ टक्के गुणांसह लागते. शिवाय धावूनही दाखवावं लागतं : तिशीपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर, चाळिशीपर्यंत १५००, पन्नाशीपर्यंत ८००. मला ही अट मनापासून पटते. मैदानावरच्या माणसात दम हवाच. पुढे वरच्या पदासाठी मात्र राज्य, राष्ट्रीय, आंतरविद्यापीठ स्पर्धांत चमकलेल्या संघांचा आणि खेळाडूंचा पुरावा मागतात. ऐन आवणीत बापाची समजूत घालून मैदानावर आणलेलं पोर कोणत्या रकान्यात लिहायचं?

मुळशीला हे काम नवं नाही. इथे ते करणाऱ्याला वस्ताद म्हणत. तालमीतला वस्ताद डाव शिकवायचा, तसाच पोराचा खुराक आणि संगतही बघायचा. मुठा गावचे मामासाहेब मोहोळ कुस्तीगीर परिषदेच्या उभारणीत पुढे होते. महाराष्ट्र केसरीची मानाची गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते. २०२५ साली अहिल्यानगरच्या मैदानात ती मुळशीच्याच पृथ्वीराज मोहोळने खांद्यावर घेतली. कुस्तीला गावाचा असा आधार आहे, जत्रेतला आखाडा आहे. फुटबॉलला इथे असं काहीच नाही. लवळ्याच्या टेकड्यांवर सिंबायोसिस, फ्लेम अशी निवासी विद्यापीठं आली, पण शेतकऱ्याच्या पोराला हा खेळ भेटतो तो गावाजवळच्या कॉलेजातच.

म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं. २००८मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. मुळशीतल्या पौड खोऱ्यातून ते काही फार लांब नाही. तरी तिथवर जाण्याआधी पायात पहिला चेंडू देणारा कोणीतरी लागतो, आणि ग्रामीण भागात नेमकं हेच पद रिकामं राहतं किंवा तासिका तत्त्वावर ढकललं जातं. तासावर नेमलेला माणूस आवणीच्या दिवसांत कोणाच्या घरी जाणार? संस्थाचालकांनी आणि सरकारने हे पद पूर्णवेळ भरावं, एवढंच मागणं आहे.