पिलाचा पहिला पाठ

घरांत कुत्र्याचें पिलूं येतें, तें बहुधा वडील मंडळींची परवानगी घेऊन येत नाहीं. आमच्याकडेही तसेंच झालें. आषाढी एकादशीच्या सुमारास, भर पावसांत, आमचा धाकटा नातू शाळेंतून परतला तो स्वतः ओलाचिंब. कारण अंगांतला रेनकोट काढून त्यांत त्यानें दोनेक महिन्यांचें एक गांवठी पिलूं गुंडाळून आणलें होतें. त्याची आई मोटारीखालीं सांपडली होती. "आजोबा, हें आपल्याकडे राहूं दे ना," एवढेंच तो म्हणाला.

सांगलीचें आमचें घर जुन्या वळणाचें आहे. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागें परसू. लहानमोठीं मिळून ११ माणसें. देवघराचा व स्वयंपाकघराचा कारभार आमच्या थोरल्या वहिनींकडे. त्यांनीं पिलास हाकलून दिलें नाहीं, परंतु स्पष्ट सांगितलें, "भावोजी, दुधाची वाटी मी देईन. पण गौरी-गणपतींपर्यंत ह्याची घाण घरांत व्हायची थांबली पाहिजे. नाहीं थांबली, तर त्याला दुसरें घर पाहा." नातवाचा चेहरा उतरला. मुदत पावणेदोन महिन्यांची होती. आम्हीं ३४ वर्षें शाळेंत मुलें शिकविलीं. तेव्हां एका पिलास शिकविणें तें काय, अशा समजुतीनें तें काम आम्हीं आपणहून पत्करलें. पिलाचें नांव मोत्या ठेवण्यांत आलें.

आमची पद्धत जुनीच होती. माजघरांत थारोळें दिसलें कीं मोत्यास मानेला धरून तेथें न्यावयाचें, त्याचें नाक त्या जागेजवळ नेऊन दरडावावयाचें आणि वर्तमानपत्राच्या गुंडाळीचा एक फटका द्यावयाचा. आठ दिवसांत आमच्यादेखत घाण होणें बंद झालें. आम्ही समाधान पावलों. परंतु नवव्या दिवशीं सूनबाईंस तांदळाच्या कोठीमागें दुर्गंधी आली. पाहतात तों तेथें चार-पांच दिवसांची घाण सांचलेली. पलंगाखालींही तोच प्रकार. इकडे परसांत नेलें म्हणजे मोत्या आमच्या तोंडाकडे पाहत अंग चोरून उभा राही. कांहीं केल्या विधि उरकीत नसे. घरांत आणून सोडला कीं कोठीमागें पसार!

जनावरांच्या डॉक्टरांस हें सांगितलें, तेव्हां ते हंसून म्हणाले, "गुरुजी, पिलूं तुमचा धडा चांगला शिकलें आहे. मात्र तुम्हांस वाटतो तो धडा तें शिकलेलें नाहीं." त्याचा अर्थ त्यांनीं उलगडून सांगितला. पिलाच्या मनांत कृति आणि तिचें फळ यांची सांगड बसावयाची, तर त्या दोहोंमध्यें एखाद-दुसऱ्या क्षणाचेंच अंतर असावें लागतें. दहा मिनिटांपूर्वीं केलेल्या कृतीसाठीं आतां मार बसत आहे, हें त्यास उमगत नाहीं. त्यास एवढेंच कळतें, कीं हा म्हातारा आणि हें थारोळें एकत्र आलीं म्हणजे आपल्यावर संकट येतें. म्हणून म्हाताऱ्यादेखत, घरांत काय किंवा परसांत काय, तें करावयाचेंच नाहीं. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांनीं कुत्र्यांवरील प्रयोगांनीं दाखवून दिलें, कीं अन्नापूर्वीं ठराविक आवाज वारंवार ऐकविल्यास पुढें नुसत्या आवाजानेंच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें. आमच्या मोत्यानें तशीच सांगड घातली होती. फक्त आवाजाच्या जागीं आम्ही होतों आणि अन्नाच्या जागीं फटका.

त्या रात्रीं आम्हांस बरेच जुने विद्यार्थी आठवले. छडीच्या धाकानें गणित न शिकतां वही लपवावयास शिकलेलीं मुलें आम्हीं कमी पाहिलीं नव्हतीं. छडी आमचीच होती.

महाभारताच्या आरंभीं, आदिपर्वांतील पौष्यपर्वांत, सरमेच्या पिलाची कथा आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचें सत्र चाललें असतां सरमेचें पिलूं तेथें आलें. त्यानें हविर्द्रव्यास तोंड लाविलें नाहीं, त्याकडे पाहिलेंही नाहीं. तरी राजाच्या भावांनीं त्यास मारिलें. सरमेनें येऊन विचारलें, ह्यास कां मारिलेंत? त्यावर कोणाजवळ उत्तर नव्हतें. तेव्हां तिनें शाप दिला, कीं अकल्पित भय तुम्हांस गांठील. ही कथा आम्हीं अनेकदां सांगितली होती. परंतु आपण त्या भावांच्या पंक्तींत बसलों आहों, हें कोठीमागची जागा धुतांना प्रथम जाणवलें.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नव्यानें आरंभ केला. वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून ती रीत येथें सविस्तर देतों.

पहिली गोष्ट वेळेची. पिलास मूत्र आवरून धरण्याची शक्ति वयाबरोबर येते. दोन महिन्यांचें पिलूं दिवसा फार तर दोन-तीन तास थांबूं शकतें. तेंही जागें होऊन खेळत नसेल तर. त्याच्या गरजेच्या वेळा मात्र ठरलेल्या असतात : झोपेंतून उठतांच, खाल्ल्यावर पांच ते तीस मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि रात्रीं निजण्यापूर्वीं. ह्या प्रत्येक वेळीं, त्यानें मागण्याची वाट न पाहतां, त्यास बाहेर न्यावें. आरंभीं आम्ही रात्रीं दोनच्या सुमारासही एकदां उठत असूं. अन्न ठराविक वेळीं द्यावें, म्हणजे पुढचा विधिही ठराविक वेळीं होतो. पाणी मात्र तोडूं नये. वहिनींची प्रेमाची दुधाची वाटी डॉक्टरांनीं प्रथम बंद करविली. गाईम्हशींचें दूध पुष्कळ पिलांस पचत नाहीं, आणि ज्याचें पोट बिघडलें आहे तें पिलूं वेळ पाळणार कशी?

दुसरी गोष्ट जागेची. परसांतील पेरूच्या झाडाखालची एकच जागा आम्हीं ठरविली. आधींचा वास असेल तेथेंच पुन्हां जाण्याची कुत्र्याची प्रवृत्ति असते. तिचा उपयोग बाहेर करून घ्यावा, आणि घरांतील वास समूळ नाहींसा करावा. अमोनियायुक्त द्रावानें फरशी पुसूं नये, कारण त्याचा वास मूत्राच्या वासाशीं मिळताजुळता असतो. नुसत्या फिनेलनें वास आपल्यापुरता झांकतो, कुत्र्यापुरता नाहीं. पाळीव जनावरांसाठीं एन्झाइम असलेले धुण्याचे द्राव मिळतात. ते मूत्रांतील द्रव्यांचेंच विघटन करितात. पावसामुळें मोत्या ओल्या मातींत पाय टाकीना, तेव्हां पन्हळीच्या आंतल्या बाजूस, पत्र्याखालीं, त्या पेरूखालचीच माती एका जुन्या पाटींत भरून ठेविली. पाऊस उघडतांच पाटी रोज वीतभर झाडाकडे सरकवीत नेली.

रस्त्यावर न नेतां परसांत नेण्यास आणखी एक कारण होतें. कुत्र्यांचा पार्व्होव्हायरस हा रोग १९७८ सालीं ओळखला गेला. तो पिलांस फार घातक असून दूषित जागेंतून पसरतो. त्याच्या लशी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनीं, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत देतात. ह्या लशी पुऱ्या होईपर्यंत परक्या कुत्र्यांच्या वाटेवर पिलास सोडूं नये. परसांतील विष्ठाही रोज उचलावी. पिलांच्या पोटांत जंत असतात व त्यांचीं अंडीं मातींत टिकून अनवाणी खेळणाऱ्या, हात न धुणाऱ्या मुलांच्या पोटांत जाऊं शकतात. म्हणून जंताचें औषधही वेळच्या वेळीं द्यावें.

तिसरी गोष्ट शाबासकीची. विधि पुरा होतांच, तेथेंच उभें राहून, एक प्रेमाचा शब्द आणि भाकरीचा एक लहान तुकडा. घरांत येऊन दिलेला तुकडा घरांत येण्याबद्दल होतो! येथें एक सावधगिरीची सूचना. आमच्या सांगलीस बेदाणा घरोघर असतो व मुलें तोच कुत्र्यापुढें करितात; परंतु द्राक्षें, बेदाणे व मनुका ह्यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. ते मुळींच देऊं नयेत.

चौथी गोष्ट नजरेची. ज्यावर कोणाची नजर नाहीं असें पिलूं घरभर मोकळें असूं नये. जुन्या लुगड्याच्या घडीवर, लहानशा कठड्यांत त्याचें अंथरूण असावें; आपली निजण्याची जागा पिलूं सहसा खराब करीत नाहीं. मात्र त्याच्या शक्तीबाहेर त्यास तेथें कोंडूं नये. तें हुंगत गोल फिरूं लागलें, कीं लगेच उचलून बाहेर न्यावें. घरांत होऊन गेलेंच, तर न बोलतां पुसून काढावें. तो दोष नजर चुकल्याचा, पिलाचा नव्हे. कोणी रागावतांच किंवा पाहुणा येतांच कांहीं पिलें दबून बसतात व थेंबभर मूत्र होतें. तें भीतीनें वा हर्षभरानें होतें, त्यावर शिक्षा केल्यास तें वाढतेंच. आणि नीट शिकलेलें पिलूं एकाएकीं वारंवार मूत्र करूं लागलें, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे न्यावें.

परंतु एकत्र कुटुंबांत सर्वांत अवघड गोष्ट पांचवी, ती म्हणजे एकवाक्यता. नातू म्हणे "बाहेर चल", सूनबाई म्हणत "अंगणांत", थोरले चिरंजीव इंग्रजींत कांहीं सांगत. कोणी वेळीं न्यावें हें तर ठरलेलेंच नव्हतें. ११ गुरूंचा एक शिष्य काय शिकणार? शेवटीं सर्वांनीं बसून एकच शब्द ठरविला. तो वहिनींनींच सुचविला, आणि आपल्या भाषेंत तो पूर्वापार त्याच अर्थाचा आहे : "परसाकडे!" वेळांचें पत्रक माजघराच्या भिंतीवर लाविलें, सकाळ नातवाची, दुपार सूनबाईंची, रात्र आमची. फटका बंद झाला. मोत्याची आमच्याविषयींची भीति जावयास मात्र पंधरा दिवस लागले. तितके दिवस तो नातवाबरोबर परसाकडे जाई, आमच्याबरोबर नाहीं. ती शिक्षा आम्हीं मुकाट्यानें भोगली.

चतुर्थीचा दिवस आला. घरांत पाहुण्यांची गर्दी, आरतीस आरंभ झालेला, झांजांचा गजर. मोत्या आपल्या घडीवरून उठला, मागच्या दारापाशीं गेला आणि दारावर एक पंजा मारून थांबला. नातू झांज वाजविण्यांत दंग; आमचे डोळे मिटलेले. वहिनींनीं मात्र पाहिलें. त्या सोवळ्यांत होत्या, म्हणून त्यास शिवल्या नाहींत, परंतु आरतींतून उठून त्यांनीं दाराची कडी काढली आणि हळूच म्हणाल्या, "जा, परसाकडे." तो गेला, आणि परत येऊन उंबऱ्याबाहेर बसला.

त्यानंतरही दोन-तीनदां चुका झाल्या. कित्येक पिलांस पक्की संवय लागण्यास सहा महिन्यांचें वय, कांहींस वर्षही लागतें. पण दुसऱ्या घराची भाषा पुन्हां कोणी काढली नाहीं. आतां रोज रात्रीं दहा वाजतां मोत्या आमच्या खाटेपाशीं येऊन उभा राहतो. आम्ही कंदिलाऐवजीं बॅटरी घेतों आणि दोघेही परसाकडे जातों.